मत देईन, मागणार नाही

पक्षात चौकशी समितीवर तुमचं नाव आलं की कुणी अभिनंदन करत नाही. उलट ओळखीचे कॉम्रेड फोन उचलायचे कमी होतात. मला जिल्हा सचिवांनी बोलावून सांगितलं, "ताई, तुम्ही बँकेत होता. डिपार्टमेंटल एन्क्वायरी कशी चालते ते तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. चार्जशीट हातात पडलेल्या क्लार्कच्या शेजारी युनियनची डिफेन्स रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

पक्षाचं नाव लिहीत नाही. मुंबईत डाव्या चळवळीत ज्यांनी थोडंफार आयुष्य काढलंय, त्यांना या हकिगतीत आपापला पक्ष दिसेलच.

प्रकरण असल्फ्याच्या शाखेचं. मेट्रोतून डोंगरावरची रंगवलेली घरं दिसतात ना, तिथून थोडं पुढे, जिथे रंग पोचला नाही तिथली वस्ती. शाखा सचिव रिक्षा चालवतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात. निवडणुकीत आघाडीच्या जागावाटपात तो मतदारसंघ मित्रपक्षाला गेला आणि उमेदवार निघाला नेमका तो, जो दोन वर्षं बिल्डरसाठी पुनर्वसनाची संमतीपत्रं गोळा करत घरोघर फिरला होता. त्याच योजनेविरुद्ध आमच्या शाखेने मोर्चे काढले होते. संक्रमण शिबिरात गेलेल्यांचं भाडं थकलं तेव्हा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या दारात घोषणा देणारे हेच लोक. आता वरून आदेश आला, या उमेदवाराचा प्रचार करा.

भाऊने केला नाही. आरोपपत्रात तीन कलमं होती: पक्षाच्या निर्णयाचा भंग, इतर सभासदांना प्रचारापासून परावृत्त करणं आणि गटबाजी. गटबाजी ही आमच्या आरोपपत्रांत कोथिंबिरीसारखी असते, वरून भुरभुरल्याशिवाय पान वाढत नाहीत.

समितीत आम्ही तिघं. एक दादा, लालबागचे, गिरणी कामगार. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, पण लाल बावटा सोडला नाही. दुसरा विद्यार्थी आघाडीतला मुलगा, एमए करत होता आणि लेनिन तोंडपाठ असल्यासारखा बोलायचा. तिसरी मी.

पहिला खटका चौकशी सुरू व्हायच्या आधीच उडाला. जिल्हा सचिव म्हणाले, "मी नुसता ऐकायला बसतो." आरोपपत्रावर सही त्यांची. ज्या निर्णयाचा भंग झाला म्हणतात, तो जिल्हा समितीत मांडलाही त्यांनीच. मी म्हटलं, तुम्ही बसलात तर मी उठते.

दादा भडकले. "पक्ष म्हणजे बँक नाय, ताई. इथं साहेब नि नोकर असा भेद नाय."

मी त्यांना १९६४ ची आठवण दिली. डाव्या घरात वाढलेल्या कुणालाही ती गोष्ट माहीत असते. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाने काही पत्रं छापली. १९२४ मध्ये तुरुंगातून डांग्यांनी ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करत ती लिहिली, असा दावा होता. डांगे म्हणाले, बनावट आहेत. एप्रिलमध्ये दिल्लीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेची बैठक होती. डांगे पक्षाचे अध्यक्ष. विरोधी गटाची मागणी अशी की, तुमच्याच पत्रांची चर्चा आहे तर तेवढ्यापुरतं अध्यक्षस्थान सोडा. त्यांनी सोडलं नाही. ११ एप्रिलला ३२ सभासद सभात्याग करून बाहेर पडले. त्याच वर्षी कलकत्त्याला त्यांची वेगळी काँग्रेस, म्हणजे पक्षाचं अधिवेशन, भरली आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला.

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डांगे खुर्चीवरून उठले असते तरी पक्ष फुटलाच असता. भांडण चीनवरून होतं, काँग्रेस पक्षावरून होतं."

बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, "फुटला असता. पण खुर्चीवरून फुटला असं म्हणायची कुणाला सोय राहिली नसती." सचिव बसले नाहीत. त्यांनी ते मनाला लावून घेतलं, हे पुढे कळलंच.

चौकशी युनियनच्या परळच्या ऑफिसात ठेवली होती. भाऊने निरोप पाठवला, "मी येतो, पण माझ्या शाखेसमोर विचारा. माझ्या माघारी काय विचारलं नि मी काय सांगितलं, हे त्यांना मी सांगत बसणार नाय." दादांना हे बिलकूल मान्य नव्हतं. शेवटी असं ठरलं की, जबानी आम्ही तिघांनी एकट्यात घ्यायची आणि त्यानंतर शाखेची बैठक घेऊन ती तिथे वाचून दाखवायची. म्हणून आम्ही असल्फ्याला गेलो. दादांचे गुडघे गेलेले, पण त्या चढणीवर त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

बालवाडीच्या खोलीत सतरंजीवर बसून जबानी झाली. मी लिहून घेत होते. भाऊचं म्हणणं थोडक्यात होतं: "ताई, पक्षाने सांगितलं म्हणून मी त्याला मत दिलं. बायकोला, मुलाला पण सांगितलं, पक्षाचा आदेश आहे, द्या. पन दारोदार जाऊन मागनार नाय. ज्या दारात मी सांगितलं, याला संमतीपत्र देऊ नका, त्याच दारात जाऊन याला मत द्या म्हनू? मत देईन, मागनार नाय."

मी लिहिलं, 'प्रचारास नकार दिला.' वाचून दाखवल्यावर त्याने थांबवलं. "नकार नाय दिला. नकार द्यायला कुनी विचारलंच नाय. पत्रक आलं, त्यावर लिहिलेलं की अमुक तारखेपासून प्रचार. मी जाऊन सचिवांना सांगितलं, मला जमणार नाय. 'सांगितलं' असं लिवा." मी खोडून 'जिल्हा सचिवांना समक्ष सांगितलं' असं केलं. त्याने पुन्हा वाचलं, सही केली आणि सहीखाली वेळ टाकली. बँकेतल्या चौकशांत इतक्या काळजीने सही करणारा माणूस मी क्वचित पाहिला.

शाखेच्या बैठकीत दुसरं कलम तिथल्या तिथे कोसळलं. दोन बायका म्हणाल्या, आम्ही प्रचाराला गेलो होतो, पलीकडच्या गल्लीत स्लिपा वाटल्या, भाऊने अडवलं नाही. एक जण म्हणाला, मी गेलो नाही, पण भाऊमुळे नाही, त्या उमेदवाराचं तोंड बघायची इच्छा नव्हती म्हणून. हे त्याने इतक्या मोकळेपणाने सांगितलं की दादांनी मला डोळ्यांनी खुणावलं, हे लिहू नको. मी लिहिलं, त्याचं नाव न घालता.

निघताना भाऊने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. रेशनकार्ड, रिक्षाचं परमिट, मुलाची गुणपत्रिका आणि हे पत्र, सगळं एकाच पिशवीत. उमेदवार हाच असणार अशी कुणकुण लागल्याबरोबर शाखेने ठराव करून जिल्हा समितीला लिहिलं होतं: या माणसाला पाठिंबा देण्यापूर्वी आमचं म्हणणं ऐका. झेरॉक्सवर ऑफिसचा गोल शिक्का होता, आवक क्रमांक होता, तारीख होती.

आवक-जावक नोंदवही हा माझा प्रांत. दुसऱ्याच दिवशी मी जिल्हा कार्यालयात जाऊन ती मागितली. लाल कापडी पाठीचं ते रजिस्टर काढताना ऑफिस सांभाळणारा कॉम्रेड जरा घुटमळला, पण त्याने दिलं. त्यात चार रकाने होते: तारीख, कुणाकडून, विषय, पुढील कार्यवाही. असल्फा शाखेचं पत्र त्यात व्यवस्थित नोंदलेलं. विषय, 'उमेदवारीबाबत'. चौथा रकाना कोरा. वरच्या ओळीत सभागृहाच्या भाड्याची चौकशी होती, तिच्यापुढे 'उत्तर दिले'. खालच्या ओळीत एका युनियनचं मंडपाचं बिल, तिथे 'खजिनदारांकडे'. मधली ओळ तेवढी मोकळी.

मग मी जिल्हा समितीचं इतिवृत्त बघितलं. त्या पत्रानंतरच्या बैठकीत पाठिंब्याचा निर्णय झाला होता, आणि ठरावाची सुरुवात होती, 'संबंधित शाखांशी विचारविनिमय करून'.

सचिवांना विचारलं तेव्हा ते चिडले नाहीत, थकल्यासारखे बोलले. "ताई, जागावाटप कसं होतं ते तुम्हाला माहीत नाही का? अर्ज भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत नावं हलत असतात. मित्रपक्षाचा माणूस फोनवर, राज्य कमिटीचा फोन दुसऱ्या कानाला. शाखेला कधी विचारणार? आणि विचारून ती हो म्हणणार होती का?" पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. आघाडीत आपल्याला मिळतात दोन-तीन जागा, त्या वाचवायच्या तर बाकी ठिकाणी मान खाली घालावी लागते. पण दुसऱ्या भागावर मी अडून बसले. शाखा नाही म्हणेल म्हणून तिला विचारायचं नाही आणि इतिवृत्तात मात्र विचारलं असं लिहायचं, हे कुठल्या शिस्तीत बसतं? निर्णय तोच झाला असता. पत्र वाचून, बाजूला ठेवून तोच निर्णय झाला असता तर माझी हरकत नव्हती.

आम्हा तिघांची खरी चर्चा यानंतर झाली, आणि ती मला अजून आठवते. दादर स्टेशनबाहेरच्या हॉटेलात सुरू झाली, तिथून उठवल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चालू राहिली.

दादांनी ज्योती बसूंचं उदाहरण काढलं. १९९६ मध्ये संयुक्त आघाडी त्यांना पंतप्रधान करायला तयार होती. मार्क्सवादी पक्षाच्या केंद्रीय समितीने नाही म्हटलं. बसूंना पटलं नव्हतं, तरी ते बसले गप. "देशाचं पंतप्रधानपद सोडलं माणसाने पक्षासाठी, नि याला चार गल्ल्यांत फिरता येत नाही?"

मी म्हटलं, दादा, उदाहरण अख्खं घ्या. त्या समितीत चर्चा झाली, मत पडलं, पुन्हा विचार करा म्हटल्यावर पुन्हा बैठक झाली, पुन्हा मत पडलं. बसू हरले ते समोरासमोर. आणि पुढे मुलाखतीत ती ऐतिहासिक घोडचूक होती असं उघड म्हणाले, तरी त्यांना कुणी काढलं नाही. भाऊचं पत्र तर टेबलावरसुद्धा आलं नाही.

मुलाने लेनिन काढला. १९०६ मधल्या एका लेखात लेनिन नेमका याच प्रश्नावर वाद घालतो: ड्यूमाच्या, म्हणजे रशियाच्या संसदेच्या, निवडणुकीत भाग घ्यायचा असं पक्षाने ठरवलं तर सभासदाने बोलायचं किती? त्याचं म्हणणं, निवडणूक जाहीर होण्याआधी कुणीही, कुठेही त्या निर्णयावर टीका करावी, जाहीर सभेतसुद्धा. पण निवडणूक सुरू झाली की त्याविरुद्ध चकार शब्द नाही, कारण मग कृतीची एकजूट मोडते. केंद्रीय समितीला जाहीर सभांतली टीका बंद करायची होती, आणि लेनिन तिच्याशी भांडत होता. मला वाटलं मुलगा आता माझ्या बाजूला येणार. पण त्याने निष्कर्ष उलटा काढला. "पत्र वेळेत दिलं, तिथपर्यंत भाऊ बरोबर. ते वाचलं नाही, तिथे सचिव चूक. पण प्रचार सुरू झाल्यावर भाऊने जायला हवं होतं. दोन चुकांची बेरीज शून्य होत नाही." पोराचं डोकं साफ होतं. मला राग आला, पण उत्तर पटकन सुचलं नाही.

मग त्यानेच लोहियांचं नाव घेतलं. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचंच सरकार, त्याच्या पोलिसांनी गोळीबार केला, आणि पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी तुरुंगातून तार करून आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. दादांनी हात झटकले. "सोशालिस्टांचं नको सांगू. तत्त्वापायी त्यांचे इतके तुकडे झाले की त्यांची त्यांना मोजदाद नाय." लोहियांनी १९५५ संपता संपता वेगळा पक्ष काढला हे खरंच आहे. पण आम्ही तरी काय, १९४८ मध्ये रणदिव्यांची उठावाची लाइन आली तेव्हा पी. सी. जोशींना आधी सरचिटणीसपदावरून खाली आणलं, मग पक्षाबाहेर काढलं, आणि १९५० मध्ये ती लाइनच गेली, रणदिवेही पदावरून गेले. जोशी पुढे परत आले. तेव्हाचं पक्षाचं मुख्यालय आपल्या खेतवाडीत होतं. हे सगळं या शहरात लोकांनी डोळ्यांनी बघितलंय.

दादांनी यावर वाद घातला नाही. ते एकदम कृष्णा देसाईंबद्दल बोलायला लागले. जून १९७० मध्ये परळच्या या कम्युनिस्ट आमदाराचा खून झाला तेव्हा दादांना धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. पोटनिवडणुकीला देसाईंच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं असेही पक्ष त्यांच्यामागे आले. तरी थोडक्या मतांनी जागा गेली आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. "दहा-वीस चाळी अजून फिरलो असतो तर?" दादा म्हणाले. "तेव्हापासून मी निवडणुकीत प्रश्न विचारत नाय. कोण उमेदवार, कुठला पक्ष, काय नाय. सांगितलं की फिरायचं." हे ऐकल्यावर त्यांच्याशी पक्षाच्या घटनेची कलमं घेऊन भांडणं मला जड गेलं. लोकशाही केंद्रीकरण, म्हणजे चर्चा हवी तेवढी पण निर्णय झाला की सगळ्यांनी पाळायचा, हे त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं, ते लालबागच्या चाळींचे जिने चढून आलं होतं.

अहवाल लिहिला. वस्तुस्थितीवर तिघांचं एकमत: प्रचार केला नाही हे खरं, परावृत्त केल्याचा पुरावा नाही, गटबाजी नाही, शाखेचं पत्र वेळेत आलं आणि समितीपुढे ठेवलं गेलं नाही. शिफारशीवर मात्र दोघं एकीकडे. घटनेत शिक्षा पायरीपायरीने असतात, ताकीद, निंदा, पदावरून दूर करणं, निलंबन, आणि शेवटी हकालपट्टी. दादा आणि मुलगा म्हणाले ताकीद. मी वेगळं टिपण जोडलं, एकच पान. शाखेचं पत्र आधी समितीत वाचा, त्यावर निर्णय घ्या, इतिवृत्तातलं 'विचारविनिमय' दुरुस्त करा. तोवर भाऊवर कसलीही कारवाई नको. ज्याचं म्हणणं ऐकलंच नाही, त्याला बहुमताचा निर्णय मोडला म्हणून कसं धरणार?

जिल्हा समितीत अहवाल वाचला गेला. माझ्या टिपणाशी आल्यावर सचिव म्हणाले, "ताईंचं थोडं वेगळं मत आहे, सारांश सांगतो." मी उठायच्या आत दादा उठले. "सारांश नको. पूर्ण वाचा. माझ्या विरोधात लिवलंय त्यांनी, म्हणून सांगतो, पूर्ण वाचा." पूर्ण वाचलं. मग भाऊच्या शाखेचं पत्रही वाचलं, पिशवीतल्या झेरॉक्सवरूनच, कारण मूळ पत्र तोवर फाइलमध्ये सापडत नव्हतं.

ताकीद बहुमताने मंजूर झाली. त्याला फार वेळ लागला नाही. खरा वेळ गेला 'विचारविनिमय' या एका शब्दावर. मंजूर झालेलं जुनं इतिवृत्त बदलता येत नाही, असं सचिवांचं म्हणणं, आणि नियमाने ते बरोबर. शेवटी त्या दिवसाच्या इतिवृत्तात टीप गेली की, असल्फा शाखेचं पत्र अमुक तारखेला मिळालं होतं आणि ते समितीपुढे आलं नव्हतं. एवढ्या एका वाक्यासाठी रात्रीची शेवटची कर्जत लोकल गेली काही जणांची.

भाऊने वर अपील केलं नाही. कंट्रोल कमिशनकडे, म्हणजे पक्षात अपील ऐकणाऱ्या समितीकडे, जायचा हक्क आहे, अर्ज मी लिहून देते, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताकीद राहू दे. पत्र वाचलं ना?" इतिवृत्ताची प्रत मात्र मागितली. प्रत ऑफिसाबाहेर जात नाही असं उत्तर मिळालं, तेव्हा दुपारच्या वेळी रिक्षा खाली लावून वर आला आणि ते वाक्य स्वतःच्या वहीत हाताने उतरवून घेऊन गेला.

पुढच्या जिल्हा अधिवेशनाला असल्फा शाखेची दुरुस्ती आली: आघाडीच्या उमेदवाराला पाठिंबा देताना स्थानिक शाखेचं म्हणणं लेखी घ्यावं आणि इतिवृत्तात नोंदवावं. विरोधात बोलणाऱ्यांनी सांगितलं, अशाने मित्रपक्ष आपल्याशी बोलणीच करणार नाहीत. विद्यार्थी आघाडीतला तो मुलगा दुरुस्तीच्या बाजूने बोलला. त्याने मार्क्सवादी पक्षाच्या २०१८ च्या हैदराबाद काँग्रेसचा दाखला दिला. जानेवारीत केंद्रीय समितीने ५५ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळलेली भूमिका एप्रिलच्या काँग्रेसमध्ये दुरुस्तीच्या वाटेने बऱ्याच अंशी परत आली. काँग्रेस पक्षाशी 'समझोता वा निवडणूक आघाडी' नाही, याऐवजी 'राजकीय आघाडी' नाही, असा बदल झाला आणि पक्ष काही कोसळला नाही. टाळ्या पडल्या, मतं पडली नाहीत. दुरुस्ती पडली. निकाल जाहीर करताना 'बहुमताने फेटाळली' एवढंच म्हटलं, तेव्हा मी उभी राहून सांगितलं की बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, आकडे नोंदवा. नोंदवले.

दादांचं मत विरोधात होतं, हात वर करताना मी बघितला.

आता तीच दुरुस्ती पुढच्या अधिवेशनाला पुन्हा येणार आहे. भाषा नीट करून द्या म्हणून भाऊने कागद माझ्याकडे दिलाय. परवा दादांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "नुसतं 'लेखी घ्यावं' काय कामाचं? रजिस्टरात पडून राहील. 'समितीच्या बैठकीत वाचावं' असं घाला." मी विचारलं, मग या वेळी बाजूने मत देणार का? "नाय," म्हणाले. "पण दुरुस्ती आणायची तर नीट आणा."